सूचक, अनुमोदक आणि कॉम्प्युटर

आमच्या सेक्रेटरींनी कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नाही. पण त्याचा एकही शब्द त्यांनी ठरावाशिवाय संस्थेत येऊ दिला नाही.

संस्था दुधाची. गाव आष्टी तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. त्या साली सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला, दूध आटलं, आणि संस्थेनं कार्यालयामागच्या माळावर जनावरांसाठी चारा छावणी उभी केली. छावणीतल्या जनावरांची यादी रोज दुपारी बाराच्या आत कॉम्प्युटरवरून तालुक्याला पाठवायची अशी अट होती. यादी गेली नाही तर दुसऱ्या दिवशीचा चारा यायचा नाही. संस्थेकडे कॉम्प्युटर होता. कुठल्याशा योजनेत आलेला, तीन वर्षं टॉवेलाखाली झाकलेला. चालवणारं मात्र कुणी नव्हतं. मी नुकतीच पदवीची परीक्षा देऊन बीडला घरी बसले होते. आष्टीला मावशीकडे राहायचं आणि सकाळच्या एसटीनं गावात जायचं, असं घरच्यांनी मला न विचारताच ठरवलं. विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते, हा भाग वेगळा.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी घरात बोलायचे आणि दुकानांच्या पाट्यांवर वाचायचे. त्यातही अनोळखी माणसासमोर दोन्ही भाषा सारख्याच बंद पडायच्या. पहिल्या दिवशी मी टॉवेल काढला, धूळ पुसली, बटण दाबलं, आणि सेक्रेटरी खुर्चीतून उठून उभे राहिले. मला वाटलं बाहेर जायचं असेल. पण ते तसेच उभे. पडद्यावर चित्रं यायला चार-पाच मिनिटं लागली, तोवर ते सावधान. दारातले दोघं-तिघंही मग उभेच राहिले.

"बसा ना सर," मी हळूच म्हणाले.

"उठू द्या त्यांना आधी," ते म्हणाले. "तालुक्याचं तोंड हाय ते. अन् मला सर नगा म्हणू. सर शाळंत. मी सेक्रेटरी."

तालुक्याचा फोन आला तरी ते उभे राहूनच बोलायचे. पलीकडच्या कारकुनाला ते दिसत नव्हते, पण सेक्रेटरींचा त्याला इलाज नव्हता. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खिशात तीन पेनं आणि चष्म्याला सुतळी. तीन पेनांपैकी एक लिहायचं, एक सहीचं, आणि तिसरं कुणी मागितलं तर द्यायचं. हे तिसरं पेन उमटत नसे.

ठरावांची सुरुवात दुसऱ्या दिवशी झाली. यंत्र फारच रडतखडत चाललं होतं, म्हणून मी पुटपुटले, "याची रॅम कमी आहे."

दारात मापाडी उभे होते. पूर्वी ते संस्थेचं दूध मोजायचे, आता चारा मोजायचे, गाव त्यांना मापाडीच म्हणायचं. ते मागे वळून ओरडले, "ऐकलं का! पोरगी म्हणती ह्याच्यात राम कमी हाय!"

"ते तिला दोन दिसांत कळलं," बाहेरून कुणीतरी म्हणालं. "आमाला तीन साल लागले."

सगळे हसले. माझे कान तापले. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जाड पुठ्ठ्याचं कोरं रजिस्टर काढलं आणि विचारलं, "ह्यो राम म्हंजे काय, ते सांगा. सावकाश सांगा."

मी तुटक तुटक सांगितलं. यंत्र आत्ता ज्यावर काम करतंय ते तात्पुरतं ठेवायची जागा. लाईट गेली की त्यातलं सगळं जातं. कायमचं ठेवायची जागा वेगळी, तिला हार्ड डिस्क म्हणतात. तात्पुरत्यातलं कायमच्यात टाकणं म्हणजे सेव्ह करणं.

सेक्रेटरींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "म्हंजे राम ही ओसरी. अन् ती डिक्स का काय, ते पेव. धान्य ओसरीवर पसरायचं, निवडायचं, पाखडायचं, अन् झालं की पेवात टाकायचं. पेवात टाकलं ते सेव. ओसरीवर ऱ्हायलं ते वाऱ्यानं गेलं. बराबर?"

बरोबर होतं. आमच्या कॉलेजात हे समजावायला दोन तास लागले होते आणि तरी निम्म्या मुलींना समजलं नव्हतं.

"लिव्हा मग," असं स्वतःलाच म्हणत त्यांनी लिहिलं. *ठराव क्रमांक एक. रॅम म्हणजे ओसरी, हार्ड डिस्क म्हणजे पेव, असे ठरले. सूचक, मापाडी. अनुमोदक...* त्यांनी वर बघितलं. दारात ज्ञानोबा आले होते, दोन बैलांवाले. "ज्ञानोबा, अनुमोदन हाय का?"

"कशाला?"

"राम म्हंजे ओसरी."

"असंल," ज्ञानोबा म्हणाले. "राम कुठं बी असतोय."

*सर्वानुमते मंजूर.*

त्यानंतर रोज एक शब्द. एकच. "दोन घेतले की पह्यला सांडतो," असं त्यांचं म्हणणं. मी इंग्रजी शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा, ते डोळे मिटून त्याला गावचा अर्थ लावायचे, आणि मग जो कुणी चाऱ्याच्या चिठ्ठीसाठी दारात आला असेल त्याच्यापुढे तो मांडायचा. माणसाला समजला तर मंजूर. नाही समजला तर सेक्रेटरी त्याला दोष न देता पुन्हा डोळे मिटायचे. मी संध्याकाळी मावशीला नकला करून दाखवायचे. मावशी हसून हसून पदर तोंडाला लावायची. दिवसभरात मी मोकळेपणी बोलायचे ते तेवढंच.

नकला कितीही केल्या तरी ते शब्द माझ्या डोक्यातून आता निघत नाहीत. पडद्यावर लुकलुकणारी उभी रेघ, कर्सर, तिचा ठराव असा: *पापणी. पापणी लवते तोवर जित्राब जिवंत आहे.* यंत्र अडकून पडलं, हँग झालं, की *बसकण मारली*. दुष्काळातली जनावरं एकदा बसली की उठत नाहीत, त्याला बसकण म्हणतात. रीस्टार्टला मापाड्यांनी "शेपटी पिरगाळणं" असा अर्थ सुचवला. सेक्रेटरींनी तो मंजूर केला, पण कंसात "हळू" असं लिहिलं.

व्हायरस म्हणजे गोचीड. हा ठराव झाला आणि तिसऱ्याच दिवशी तालुक्याचा एक कारकून पेन ड्राइव्ह घेऊन आला. सेक्रेटरी उभे राहिले, त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि पेन ड्राइव्ह मात्र खिडकीबाहेरच ठेवायला लावला.

"नवं जनावर छावणीत घेताना आमी गोचीड बगून घेतो," ते नम्रपणे म्हणाले. "राग मानू नगा साहेब. तुमच्या जनावराला बी तोच कायदा."

मी तपासलं. एक सोडून चार व्हायरस निघाले. सेक्रेटरींनी कारकुनासमोर एक शब्द काढला नाही, फक्त रजिस्टरात गोचिडाच्या ठरावापुढे "अनुभव आला" असं लिहिलं.

इनपुट, प्रोसेस, आउटपुट हे तीन शब्द त्यांनी एकाच दिवशी घेतले, नियम मोडून, कारण तिन्ही त्यांना एकाच यंत्रात सापडले. संस्थेत फॅट मोजायचं यंत्र होतं. दूध घातलं ते इनपुट, यंत्र घुरघुरलं ते प्रोसेस, चिठ्ठी निघाली ते आउटपुट.

"पर सेक्रेटरी," ज्ञानोबा म्हणाले, "दुधात पाणी असंल तर?"

"तर चिठ्ठीत बी पाणीच निघंल."

"मंग त्यात यंत्राचा काय दोष?"

"काईच न्हाई. घालणाऱ्याचा." हे त्यांनी उपठराव म्हणून लिहून घेतलं.

डेटा आणि इन्फर्मेशन यांतला फरक मला परीक्षेत पाच मार्कांना आला होता आणि मी पाठ केलेलं लिहिलं होतं. इथं तो मापाड्यांनी सांगितला. "गावात पाव्हणा आला, ह्यो डेटा. कशापायी आला, ही माहिती." सूचक तेच, अनुमोदन सगळ्या रांगेनं दिलं.

पासवर्डवर मात्र सभा अडली. गुप्त शब्द, कुणाला सांगायचा नसतो, असं मी म्हणाले, तशी सेक्रेटरींची मुद्रा गंभीर झाली. सहकारी संस्थेत सभासदापासून लपवायचं कसं? दोन दिवस चर्चा झाली. शेवटी असं ठरलं, की पासवर्ड एका पाकिटात बंद करून भिंतीवर खिळ्याला टांगावा, म्हणजे तो गुप्तही राहील आणि सर्वांचाही राहील. पाकिटावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, "पासवर्ड आत आहे. उघडू नये." कुणी उघडलं नाही. छावणी उठेपर्यंत नाही.

हसण्यासारखं इतकं होतं, की एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. सेक्रेटरी रजिस्टर वाचायचे आणि मी आकडे टाइप करायचे. ते "एकुणसत्तर" म्हणायचे, मी एकोणऐंशी टाइप करायचे. मराठी आकड्यांत मी पहिलीपासून कच्ची. पहिल्या आठवड्यात हे दोनदा झालं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "सहा. नऊ." त्या दिवसापासून ते कायम एकेक आकडा सुटा वाचू लागले. माझ्याकडे बघितलं नाही, दुसऱ्या कुणाला कळू दिलं नाही. मापाड्यांनी विचारलं तर म्हणाले, "यंत्राला तसंच लागतं."

त्यांच्या रजिस्टरात एक रकाना होता, "उर्फ". गाव निम्मं एकाच आडनावाचं, आणि नावंही ठरलेली पाच-पंचवीस. ज्ञानोबा मारुती नावाची तीन माणसं होती. एक *उर्फ रेडिओ*, म्हणजे दोन बैलांवाले, बंद न पडणारे. एक *उर्फ चष्मा*, ज्यांनी ऑपरेशननंतर चष्मा सोडून दहा वर्षं झाली होती. एक *उर्फ नवा*, जे साठीचे होते. गयाबाई बाबू दोन होत्या, एक *गिरणीजवळची*, एक *टेकावरची*. सेक्रेटरी हे उर्फ त्या त्या माणसाला विचारून, त्याची संमती घेऊन लिहायचे. सरकारी कामाच्या रजिस्टरात "रेडिओ" लिहिलेलं बघून मला वाटायचं, हा माणूस गावाबरोबर खेळतोय. माझ्या मते तो रकाना म्हणजे निव्वळ पसारा होता.

मग तालुक्याकडून नवा नमुना आला. अनुक्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मोठी जनावरं, लहान जनावरं. उर्फ नाही. त्या दिवशी सेक्रेटरी मांजरसुंब्याला गेले होते. चाऱ्याचा ट्रक तिथल्या फाट्यावर बंद पडला होता आणि ट्रकवाल्यानं फोनवर जे सांगितलं ते त्यांना पटलं नव्हतं. मी एकटीनं जुनी यादी नव्या नमुन्यात घातली. उर्फ गळाला, आणि बघते तर कितीतरी ओळी तंतोतंत सारख्या. नाव तेच, वडिलांचं किंवा पतीचं नाव तेच, मोठी-लहान जनावरंही तेवढीच. कॉलेजात आम्हाला बजावलं होतं, की एकच नोंद दोनदा येणं हा यादीतला सगळ्यात मोठा दोष. त्याला एक बटण असतं. मी ते दाबलं. यंत्रानं सांगितलं, सात नोंदी काढल्या.

मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत स्वतःच्या डोक्यानं केलेलं हे पहिलं काम. यादीत काहीही बदल झाला तर तो बाहेरच्या फळ्यावर लावायचा, असा सेक्रेटरींचा नियम होता. मी काढलेल्या सात नावांचा वेगळा कागद छापला. वर मथळा हवा होता. मराठी शब्द आठवेना. सगळ्यांना माहीत असलेला इंग्रजी शब्द मी मराठी अक्षरांत मोठा टाइप केला, "डुप्लिकेट". कागद फळ्यावर लावला आणि एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले तर फळ्यासमोर गर्दी. मला बघून ती दुभंगली. एरवी ही माणसं मला बघून बाजूला व्हायची ती संकोचानं. आजचं वेगळं होतं.

शब्द सगळ्यांना माहीत होता, हे खरं. पण मला माहीत असलेल्या अर्थानं नाही. डुप्लिकेट बियाणं, जे उगवत नाही. डुप्लिकेट खत, ज्यात माती असते. डुप्लिकेट तूप. गावात डुप्लिकेट म्हणजे खोटं, लबाडीचं. मी सात माणसांची नावं लबाड म्हणून फळ्यावर लावली होती.

ज्ञानोबा रेडिओ तर खुशीत होते. "काय म्याडम, मी डुप्लिकेट अन् चष्मेवाला वरिजनल? कुठल्या दुकानात घेतला त्यो?" बाकीचे पुरुष कुरकुरत, हसत, शिव्या गिळत उभे होते. पण टेकावरच्या गयाबाई हसत नव्हत्या.

यादीत "गयाबाई बाबू" एकदाच उरली होती. सकाळी गिरणीजवळच्या गयाबाई आधी आल्या, त्यांनी चाऱ्याची वाढं, उसाचे शेंडे, नेली. टेकावरच्या गयाबाई पाठोपाठ आल्या, तर मापाड्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "आजी, तुमचा चारा उचलला. तुमी डुप्लिकेट हाव."

त्या सत्तरीच्या होत्या. मुलं-सुना ऊस तोडायला गेलेली. त्या एकट्या छावणीत एक गाय आणि एक कालवड घेऊन राहात होत्या. घरची विहीर केव्हाच आटलेली. त्यांनी दोन्ही जनावरं सोडली, दावी दोन हातांत धरली आणि कार्यालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी डुप्लिकेट हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग खरी कुठंय, ती दावा मला."

त्या कुणाशी बोलत होत्या ते मला कळत होतं.

"गयामाय," सेक्रेटरी म्हणाले, "यादी चुकली. आत्ता नीट करतो."

"यादी तू नीट करशील. फळ्यावरचं गावानं वाचलं, ते कसं नीट करशील? ह्या छावणीतली काडी बी माझं जनावर खानार न्हाई."

"मंग नेनार कुठं?"

"डोंगराला."

डोंगरावर दगड सोडून काही नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गाईच्या बरगड्या मोजता येत होत्या. त्या वळल्या आणि चालायला लागल्या.

सेक्रेटरी बाहेर गेले आणि रस्त्यात आडवे उभे राहिले. "सभा लावतो," ते म्हणाले. "आत्ता. हितंच."

"सभा तुझी तुझ्यापाशी ठेव."

"सभासद हाव तुमी. सभासदाचं नाव फळ्यावर लागलं तर सभा लावावी लागती." त्यांनी भोवती बघितलं, बोटांनी माणसं मोजली. "कोरम भरत न्हाई. सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं त्याच जागी, तेव्हा कोरमची गरज न्हाई. तवर कुनी हलू नये."

हा खरोखरच नियम आहे. आणि गयाबाई चाळीस वर्षं संस्थेच्या सभासद. तणतणत त्या लिंबाच्या सावलीला बसल्या, पण हलल्या नाहीत.

सेक्रेटरी आत आले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते उभ्यानंच रजिस्टर उघडून वाचायला लागले. नाव, उर्फ, जनावरं. मी टाइप करत गेले, उर्फ नावापुढंच कंसात. सात ओळी परत आल्या. वीस मिनिटांत यादी पूर्ण होऊन तालुक्याला गेली.

"झालं," मी म्हणाले.

"यादी झाली. शब्द ऱ्हायला," ते म्हणाले. "डुप्लिकेट. ह्यो शब्द आपल्याकडं मंजूर कधी झाला?"

"नाही झाला."

"मंग वापरला कसा?" आवाजात राग नव्हता. खरोखर विचारावं तसं विचारलं. "चला. सूचक तुमी."

"मी नाही बोलू शकत," मी म्हणाले. "तुम्ही सांगा ना माझ्या वतीनं."

"सूचकाच्या वतीनं सूचना मांडता येत न्हाई, म्याडम. तसा नियमच न्हाई."

लिंबाखाली पन्नासएक माणसं होती आणि तेवढीच जनावरं. सेक्रेटरींनी रजिस्टर हातावर उघडलं आणि म्हणाले, "विषय क्रमांक एक." मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "यादी मी केली. उर्फचा रकाना मी काढला. मला दोन गयाबाई एक वाटल्या. मी विचारलं नाही. आजी खोट्या नाहीत. चूक माझी आहे."

मागून आवाज आला, "ऐकू आलं न्हाई!"

"मोठ्यानं!" दुसरा.

सेक्रेटरी मला सोडवतील असं वाटलं. ते पेन धरून वाट बघत राहिले. मी पुन्हा सगळं सांगितलं, ओरडून. "खोट्या" म्हणताना आवाज भलत्याच ठिकाणी फाटला आणि एक म्हैस माझ्याकडे वळून बघायला लागली. पण या वेळी शेवटच्या माणसापर्यंत पोचलं, कारण मागून कुणीतरी म्हणालं, "हां, आता आलं."

"तर," सेक्रेटरी म्हणाले, "डुप्लिकेट म्हंजे खोटं न्हवं. एकासारखं दुसरं, येवढाच अर्थ. सूचक, म्याडम. अनुमोदक... गयामाय, देता का?"

"न्हाई देत."

सेक्रेटरींचं पेन थांबलं. इतक्या दिवसांत असं झालं नव्हतं.

"एकासारखं दुसरं?" गयाबाई म्हणाल्या. "मी जल्मात पाह्यलं न्हाई. शेळीला जुळी झाली तर त्यातलं एक आगाव असतंय. ती गिरनीची गया अन् मी एक व्हय? ती निजून उठती तवर माझं शेण काढून होतं. असा शब्दच खोटा हाय."

गिरणीजवळच्या गयाबाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "ह्येला मात्र माझं अनुमोदन हाय."

सगळा माळ हसला. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी नीट, सावकाश लिहिलं, *डुप्लिकेट. शब्द नामंजूर.* मग जाऊन स्वतः फळ्यावरचा कागद काढला आणि सही करून रजिस्टरात लावून टाकला.

गयाबाई उठल्या. माझ्याजवळ आल्या. तंबाखूचा आणि शेणाचा वास. "तुजं नाव काय गं?" त्यांनी विचारलं.

तीन महिने मी म्याडम होते किंवा पोरगी होते. मी नाव सांगितलं. आमच्या शाळेत ठेवतात तसलं नाव, त्यांना दोनदा उच्चारावं लागलं.

"तुज्या गावात, तुज्या वळखीत, ह्या नावाची आनखी कोन हाय?"

"कुणी नाही."

"तरीच," त्या म्हणाल्या. "तुला कसं कळावं मग." आणि त्यांनी दोन्ही जनावरं पुन्हा खुंट्याला बांधली.

दुपारी मी आत बसले होते. सेक्रेटरी समोर येऊन उभे राहिले. यंत्र तर केव्हाचंच सुरू होतं, फोनही आला नव्हता. तरी उभे.

"एक ऱ्हायलं," ते म्हणाले. "सकाळी फळा मी पह्यल्यांदा वाचला. तुमी यायच्या आधी, गावाच्या आधी. गयामायचं नाव दिसलं तवा मला बी वाटलं, म्हातारीनं चाऱ्यापायी दोन ठिकाणी नाव लावलं का काय. चाळीस साल वळखतो मी तिला. रजिस्टर हाताशी होतं, तरी मी उघडलं न्हाई."

"पण हे कुणाला कळलेलं नाही," मी म्हणाले.

"मला कळलंय की. तुमी पन्नास माणसांत बोललात. आता मला बोलाया पायजे."

"सभा लावणार?"

"न्हाई. ह्येला अनुमोदक मिळत नसतो."

ते गेले. खिडकीतून मला गयाबाईंची पाठ दिसत होती. गाईच्या अंगावरचे गोचीड काढत त्या बसल्या होत्या. सेक्रेटरी त्यांच्यासमोर उभे राहिले. किती वेळ बोलले, काय बोलले, ऐकू आलं नाही. दोन्ही हात पुढे एकमेकांत धरलेले होते, एवढं दिसलं. गयाबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी शेजारची रिकामी बादली पायानं त्यांच्याकडे सरकवली.

सेक्रेटरींनी ती उचलली आणि भर उन्हात टाकीकडे निघाले. टाकी माळाच्या दुसऱ्या टोकाला. खिशात तीन पेनं, सुतळीचा चष्मा, एका बाजूला कलंडलेले, पायजमा भिजवत ते बादली घेऊन परत आले. गयाबाईंनी आत डोकावून बघितलं आणि मग त्यांचा आवाज खिडकीपर्यंत आला.

"अर्धी सांडली. डुप्लिकेट हाय ही. भरून आन."

सेक्रेटरी वळले आणि पुन्हा टाकीकडे चालायला लागले.